काटा उजवीकडं जाईना

"हलला का काटा?"

"न्हाई."

"आता?"

"आता हललाय. पर डावीकडं."

मी मूठ आणखी पिळली. इंजिन असं बोंबललं की गोठ्यातली म्हैस दावं तोडायला निघाली आणि शेजारच्या घरातून कुणीतरी आमचा उद्धार केला. माझे सासरे, मार्तंडमामा सुतार, टोपी मागं सारून हँडलवर वाकले होते. जुन्या मोटरसायकलींना हेडलाइटच्या डोक्यावर एक वाटोळी काच असायची, तिच्यात एक बारीक काटा. गाडी पळायला लागली की काटा उजवीकडं जायचा, म्हणजे इंजिनाची वीज बॅटरीत भरते आहे. डावीकडं गेला तर बॅटरी नुसती रिकामी होते आहे. माझ्या गाडीचा काटा डावीकडं जाऊन असा आडवा झाला होता, जणू जेवून वामकुक्षीला पडला आहे.

"बंद करा," मामा म्हणाले. "असं झालं तर उद्या तुमचं जाणं न्हाई."

आता हे उद्याचं जाणं काय, ते सांगितलं पाहिजे.

आमच्याकडं लग्नाच्या पहिल्या वर्षी आषाढात नवी सून सासरी ठेवत नाहीत, माहेरी धाडतात. रीत आहे, आणि नव्या नवऱ्यानं ती महिनाभर सोसायची असते. मीही सोसली असती. पण माझं लग्न झालं त्या वर्षी पंचांगात अधिक महिना आला, आणि तोही आषाढच. म्हणजे आधी एक आषाढ, तो संपला की लगेच दुसरा आषाढ. पंचांगवाल्यांचं माझ्याशी काही वैर होतं असं नाही, पण असतं तर त्यांनी याहून वेगळं काही केलं नसतं.

अधिकात जावयाला धोंड्याचं, अनारशांचं जेवण असतं. तेवढ्या निमित्तानं मी सासुरवाडीला आलो आणि मामींच्या, म्हणजे सासूबाईंच्या कानाला लागलो. मी घाटाखाली जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला होतो, एका खोलीत एकटा राहायचो. आषाढात सुनेनं सासूचं तोंड बघू नये म्हणून ही रीत. तिथं सासूच नाही तर रीत कुणासाठी? मामींना ते पटलं. त्यांनी निवाडा दिला, "एक आषाढ काढला की तिनं माह्यारी. किती आषाढ काढायचे माणसानं?"

मामांनी बराच वेळ सुपारी कातरली. मग म्हणाले, "न्या. पर दुसरा आषाढ लागायच्या आत न्या. अमावास्येला मी लेक घालवत न्हाई, म्हंजे चतुर्दशीला दिस मावळायच्या आत पाय उंबऱ्याभायेर पडला पायजे. न्हाई पडला तर मग पुढल्या अमावास्येपतोर बोलायचं न्हाई."

चतुर्दशी म्हणजे उद्या. ओढ्यावरची फरशी खचल्यामुळं एसटी गावात येत नव्हती. मोटरसायकल तेवढी कडेकडेनं निघायची. बैल सगळे पेरणीला. म्हणजे गाडी चालली तर बायको, नाहीतर अनारसे.

गाडी तशी ढकलून चालू व्हायची किंवा गिरणीवाल्याकडून बॅटरी भरून आणली की थोडी पळायची. पण मामांची अट होती, घाटात हॉर्न आणि दिवा धड पाहिजे. आणि ही अट त्यांच्या डोक्यात कुणी घातली? मीच. मुलगी बघायला आलो तेव्हा चहा येईपर्यंत काहीतरी बोलायचं म्हणून मी सांगून बसलो होतो की आमच्या घाटात पावसाळ्यात धुकं असं पडतं की एकदा गाडी बंद पडल्यावर मी स्टँड लावायचं विसरलो, तरी ती पडली नाही, धुक्याला टेकून तशीच उभी राहिली. सगळे हसले. मामा हसले नव्हते. त्यांनी उभ्या आयुष्यात कधी खोटं सांगितलं नव्हतं, त्यामुळं ऐकतानाही त्यांना ते ओळखू येत नसे. मागाहून कुणी सांगितलं की मात्र फार राग येई.

"धुकं टेकण्याइतकं घट्ट, असं तुमीच बोलला व्हता," ते आता म्हणाले. "तशा धुक्यात बिनदिव्याची लेक धाडू?"

"मामा, ते मी जरा वाढवून सांगितलं होतं."

"किती वाढवून?"

"बरंच."

"मग आता बोलताय हे किती वाढवून हाय?"



मी पाना घेतला आणि गाडीशेजारी बसलो. लगेच मामी आल्या, हातातून पाना काढून घेतला आणि त्या जागी अनारसा ठेवला.

"धोंड्याचा जावई म्हंजे देव. देवानं हात काळं करायचं नस्त्यात. गाव काय म्हनंल?"

"मामी, गाव काही म्हणत नाही. गाडी दुरुस्त करायला हवी."

"दस्तगीरला सांगावा धाडलाय. तुमी खावा."

दस्तगीर हा त्या पंचक्रोशीतला मोटारी भरणारा माणूस. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीची जळलेली तार काढून नवी गुंडाळायची, यात त्याचा हात कुणी धरत नव्हता. पण त्यामुळं त्याला जगात दुसरा बिघाडच दिसत नसे. घड्याळ बंद पडलं तरी कॉइल गेली, आणि गावातलं एखादं लग्न मोडलं तरी तो नुसतं मान हलवून सुचवायचा की आत कुठंतरी कॉइल गेली असणार.

तो आला, गाडीभोवती एक फेरी मारली आणि पहिल्यांदा बोलला तो बिघाडाविषयी नाही.

"तात्या, रंग काय दिलाय वो. नवरीवानी दिसतिया."

गावाचे तात्या, म्हणजे आमचे मामा, एवढंसं हसले. हा रंग म्हणजे मामांचं धोंड्याचं देणं. जावयाला चांदीचं काहीतरी द्यायचं असतं. मामांकडं चांदी नव्हती, हात होता. तालुक्यात बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या आधी लोक बैलगाड्या त्यांच्याकडं रंगवायला रांग लावून उभ्या करत. मी आलो त्याच दिवशी त्यांनी माझी जुनी, गंजकी फटफटी वखारीत ओढून नेली, दार लावून घेतलं आणि बाहेर काढली ती अशी: चौकट हिरवीगार, चाकांच्या आऱ्या एक तांबडी एक पिवळी, टाकीवर दोन्ही बाजूंना मोर आणि मागच्या मडगार्डावर वेलबुट्टीत 'सर्जेराव' हे माझं नाव. एकेक नटबोल्ट वेगळा काढून, रंगवून, वाळवून परत बसवला होता. रस्त्यानं जाताना गाडी आहे की वरातीतला घोडा, हे कळायला माणसाला थांबावं लागे. पण त्या रंगात एक ओघळ नव्हता, एक डाग नव्हता, आणि माझ्यासाठी एवढं कुणी कधी केलं नव्हतं, तेव्हा मी गप्प होतो.

दस्तगीरनं इंजिनाला नाक लावलं.

"वास येतोय. कॉइल जळली."

"तो ओल्या रंगाचा वास आहे," मी म्हटलं.

"पाव्हणं, जळक्या तारेचा वास मला कळत न्हाई व्हय?"

"मीटर लावून बघ की जरा. कॉइलमधून वीज येते की नाही ते कळेल."

"मीटर नव्या पोरास्नी लागतो." त्यानं पुन्हा वास घेतला, या खेपेला डोळे मिटून. "इंजिन खोलतो, कॉइल काढतो, तालुक्याला जाऊन तार आणतो. बाजार झाला की बसवून देतो."

"बाजार गुरुवारी. आम्हाला उद्या जायचंय."

"मग उद्याच जावा. गाडी मागनं या न्यायला."

"गाडीवरनंच जायचंय."

"मग गुरुवारी जावा," दस्तगीर म्हणाला, आणि त्याच्या लेखी प्रश्न मिटला. मामींनी त्यालाही अनारसे दिले. उद्या हत्यारं घेऊन इंजिन खोलायला येतो, असं सांगून तो गेला.

दुपारी सगळं घर आडवं झालं होतं. मामा ओट्यावर झोपलेले, मामी आत. मी संधी साधून वखारीत गाडीशी गेलो. बॅटरी सकाळीच गिरणीवाल्याकडून भरून आणलेली होती, तिच्यात अजून थोडा जीव होता. गाडी चालू केली, दिवा लावला. समोरच्या भिंतीवर उजेड पडला, पण कसा, तर आजारी माणसाच्या डोळ्यासारखा पिवळा. मूठ पिळली तरी तेवढाच.

मी फ्यूज बघितला, चांगला होता. बॅटरीची दोन्ही टोकं घासली. कॉइलकडून येणाऱ्या तारा सोडून पुन्हा खोचल्या. काही नाही. सीटच्या बाजूला खाली पात्या-पात्यांची एक डबी असते, तिला रेग्युलेटर म्हणतात. इंजिनातली वीज तिच्यातून सुधारून बॅटरीकडं जाते. तीही मामांनी हिरवी रंगवली होती आणि प्रत्येक पातीच्या कडेला पिवळी रेघ ओढली होती. तिच्या तारा हलवून बघितल्या. काही नाही. तेवढ्यात मामी दारात.

"अगं बाई, परत हात घातला का? धरा."

पुन्हा अनारसा. मी तो उभ्या उभ्या कोंबला, त्यांना वाटी घेऊन परत पाठवलं आणि चिडून पाना उचलला. बोटं तुपानं माखलेली. पाना निसटला, डबीवर आपटला आणि डबीचा कोपरा व इंजिनाचं उघडं लोखंड यांच्यामधे अडकून बसला. कोपऱ्यावरचा रंग टिचला.

भिंतीवरचा उजेड पांढरा झाला.

मी उठून काचेत बघितलं. काटा उजवीकडं. पाना काढला, काटा डावीकडं. पाना लावला, काटा उजवीकडं आणि दिवा असा की भिंतीवरची पाल पळाली. मला नाचावंसं वाटलं. कॉइल चांगली होती, डबी चांगली होती. त्या डबीला स्वतःची अशी जमिनीची, म्हणजे अर्थिंगची तार नसते. ती चौकटीवर बोल्टानं आवळलेली असते, आणि लोखंडाला लोखंड टेकतं तीच तिची तार. मामांनी डबी काढून पाठीमागूनही रंगवली होती, चौकटीची जागाही रंगवली होती, बोल्टही रंगवला होता. विजेला जायला लोखंडच उरलं नव्हतं, नुसता ऑइलपेंट.

"मामा," मी ओट्याकडं पळालो. "मामा, उठा. सापडलं."

ते उठून, चप्पल शोधून, वखारीत येईपर्यंत पाना गळून पडला होता आणि बॅटरीतला उरलासुरला जीव दिव्यानं खाऊन टाकला होता. गाडी बंद. मी किक मारली. मारत राहिलो. आतून उत्तरच येईना. पोटरी भरून आली.

"काय सापडलं?" मामांनी विचारलं. अनसूया, माझी बायको, पाण्याचा तांब्या घेऊन दारात येऊन उभी राहिली होती.

इथं मला एक सांगायचं आहे. गोष्ट रंगवायला मी कधी अडलो नाही. वाघ मागच्या सीटवर बसून कसा आला, हे मी पाहुण्यांना वाघाच्या बसण्याच्या ढबीसकट सांगितलेलं आहे. पण ते हिरवंगार काम समोर, आणि रंगवणारा माणूस डोळे चोळत माझ्याकडं बघतो आहे, अशा वेळी तोंडातून शब्द निघेनात.

"ते... म्हणजे असं, की ही डबी... हिला लोखंड टेकावं लागतं. आणि ते टेकत नाही. म्हणजे टेकतं, पण मधे... मधे तुमचा... म्हणजे रंग आहे."

"रंग हाय. मीच दिलाय."

"हो, तेच. त्यामुळं वीज... बसत नाही."

"माझ्या रंगावर वीज बसत न्हाई?"

"तसं नाही. वीज जाते, तशी तिला परत यावं लागतं. वाट पाहिजे परतीची. ती वाट बंद झाली की काटा..."

"लेकीवानी," मामा म्हणाले.

"काय?"

"गेली तशी परत यावी लागती, लेकीवानी. मग येऊ द्या की. मी कुठं आडवलीया?"

"तुम्ही नाही. रंगानं."

मामांनी टोपी काढली, झटकली, परत घातली. "जावईबापू. माझ्या आज्यानं रंग दिलेली गाडी अजून वाण्याच्या मळ्यात चालतिया. रंगानं चालती गाडी थांबली, असं आमच्या घराण्याला आजवर कुणी बोललेलं न्हाई."

"बैलगाडीला वीज लागत नाही, मामा."

"तुमची चांगली चालत व्हती का आधी?"

"चालत होती. रंग देईपर्यंत."

बोलून गेलो आणि जीभ चावली. मामा डबीजवळ वाकले. टिचलेला कोपरा त्यांना दिसला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं, अगदी हळू, पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावरून फिरवावं तसं.

"धुकं टेकण्याएवढं घट्ट व्हतं," ते डबीकडं बघतच म्हणाले. "वाघ मागं बसून आला. घाटात हॉर्न वाजवला तर त्याचा आवाज दुसऱ्या दिशी परत आला. आज रंगानं वीज आडवली. त्यातलं कंच्याला खरं मानू?"

"हे खरं आहे. पाठीमागचा एवढासा रंग खरवडू द्या, लगेच दाखवतो."

"बेंदूर तोंडावर आलाय. सुतारानं रंगवलं आन् जावयानं खरवडलं, असं गावानं बघितलं म्हंजे माझ्या वखारीत गाडी कोण आणून लावंल?" ते उठून उभे राहिले. "त्या रंगाला पातं लावायचं न्हाई. लावलं, तर गाडी घेऊन एकटं जावा. सकाळी दस्तगीर कॉइल काढंल."

ते गेले. अनसूयेनं तांब्या माझ्यासमोर ठेवला, माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि काही न बोलता तीही गेली. तेव्हा मला वाटलं, संपलं. हिनंसुद्धा विश्वास ठेवला नाही.

चतुर्दशी उजाडली. पावसाची भुरभुर. बॅटरी पुन्हा भरायची तर सगळा दिवस गेला असता, म्हणून शेवटचा उपाय म्हणून मी गाडी पारापासच्या उतारावर नेली. पारावरच्या मंडळींनी हौसेनं ढकलली. एकदा, पुन्हा, आणखी पुन्हा. मोर चिखलानं भरले, ढकलणाऱ्यांचं हसून पोट दुखलं, गाडी ढिम्म. कसली चालू होते? बॅटरी मेलेली आणि इंजिनाची वीज रंगाच्या अलीकडं अडलेली.

"पाव्हणं, बैल जुपा," सदा नावाचा एक पार सोडून कधी न हलणारा इसम म्हणाला. "रंग तर बैलगाडीचाच हाय."

दुपार कलल्यावर गाडी ओढत परत आणली. मामा दस्तगीरला आणायला निघाले होते. तो अजून आला नव्हता. त्यानं एकदा इंजिन खोललं की ते गुरुवारपर्यंत जुळणार नव्हतं. मी वखारीच्या उंबऱ्यावर बसलो. समोर दुसरा आषाढ दिसत होता, सबंध.

मामांची पाठ वळली तशी अनसूया आली. पदर खोचलेला, एका हातात पाना, दुसऱ्या हातात वखारीतलाच पॉलिशपेपर.

"डबी कंची?"

मी बघतच राहिलो.

"बघताय काय? डबी कंची ते दावा. आई भायेर तांदूळ निवडत बसलीया. कुणी आलं तर खोकंल."

"मामा काय म्हणाले ऐकलंस ना?"

"पातं लावायचं न्हाई म्हणालं. हे पातं हाय का?" तिनं पॉलिशपेपर पुढं केला. "आन् जावयानं लावायचं न्हाई. मी जावई हाय?"

सुताराची लेक ती. पाना कसा धरायचा हे तिला माझ्यापेक्षा बरं कळत होतं. तिनं बोल्ट सोडवला, डबी उलटी केली. पाठही हिरवी, गुळगुळीत, तिथंही कडेनं पिवळी रेघ. ती रेघ बघून तिचा हात थांबला.

"हितं कोण बघणार व्हतं?" ती हळूच म्हणाली. मग दात आवळून घासायला लागली.

"तुला खरं वाटलं माझं?" मी विचारलं. "काल तू काहीच बोलली नाहीस."

"तवाच वाटलं."

"कशावरनं? मला नीट सांगतासुद्धा आलं नाही."

"म्हणूनच की. तुमी खोटं सांगताना कदी अडखळलाय? वाघ सांगितला तवा त्याच्या मिशा किती लांब ते बी घडाघडा सांगितलं. काल नुसतं रंग म्हणायला तुमाला धाप लागली." ती घासतच होती. "चौकटीवरची जागा तुमी घासा. बोटाएवढी. जास्ती नको."

बाहेर मामी खोकल्या. मग आणखी जोरात खोकल्या. मग खोकला अर्धवट सोडून, "अगं बाई, आलात बी?" म्हणाल्या.

मामा दारात उभे होते. एकटेच. दस्तगीर कुणाच्या तरी विहिरीत उतरला होता आणि संध्याकाळपर्यंत वर यायचा नव्हता. मामांनी आधी माझ्याकडं बघितलं, मग लेकीच्या हातांकडं. तिचे हात कोपरापर्यंत हिरव्या भुकटीनं माखले होते. तिनं डबी लपवली नाही. पुढं धरली.

मामांनी ती घेतली. उलटी केली. पांढऱ्या पडलेल्या लोखंडावरून अंगठा फिरवला. 

"पाठीमागनं बी दिला व्हता मी," ते म्हणाले. "कुणाला दिसत न्हाई तितं बी."

"व्हय, आबा," अनसूया म्हणाली. "म्हणूनच झालं."

मामा खाली बसले, डबी जागेवर धरली, माझ्या हातातून पाना घेतला आणि बोल्ट स्वतः आवळला. सुताराचा हात, असा आवळला की तो बोल्ट पुढं मलाही कधी सुटला नाही. मग उठून म्हणाले, "उतारावर चला. मी ढकलतो."

पारावर मंडळी होतीच. मामा मागून रेटायला लागले तसे सगळे माना वळवून बघायला लागले, कारण मार्तंड सुतार चारचौघांत घाम गाळून कशाला तरी रेटतोय, हे कुणी कधी बघितलं नव्हतं. गाडीनं वेग घेतला, मी क्लच सोडला. एक आचका, दुसरा आचका, आणि इंजिन बोललं. भरल्या पोटाच्या माणसासारखं बोललं. मी मूठ पिळली, काटा उठला, मधल्या शून्यावर क्षणभर थांबला आणि उजवीकडं गेला. हॉर्न दाबला. पारावरची कुत्री उठून बसली.

मामा धापा टाकत आले आणि काचेवर वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. मग त्यांनी हात करून अनसूयेला बोलावलं. ती गाठोडं घेऊन आली. मामी मागं डब्यात आणखी अनारसे घेऊन. दिवस अजून कासराभर वर होता. अनसूया मागं बसली. मामांनी तिच्या पदराचा शेव चाकापासून उचलून तिच्या मांडीवर ठेवला.

आणि तेवढ्यात सदा बोलला.

"तात्या, झालं तरी काय व्हतं गाडीला? रंग मानवला न्हाई का काय?"

पारावर खसखस पिकली. कुणीतरी म्हणालं, "आमची गाडी बेंदराला आणावी का नको, ते तरी सांगा."

मामांचा चेहरा उतरला. खरं सांगितलं असतं तर बेंदराचं काम गेलं असतं, आणि खोटं त्यांना येत नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं.

"उंदीर," ते म्हणाले.

सगळे पुढं सरकले.

"उंदीर व्हता. वखारीत. त्यानं वायर... म्हंजे वायर व्हती, ती त्यानं... उंदरानं. खाल्ली. थोडी."

"उंदीर?" सदा म्हणाला. "तुमच्या वखारीत? तुमी तर सांगत व्हता, रंगाच्या वासानं माशी बी येत न्हाई."

मामांच्या कपाळावर घाम आला. ते एकदा सदाकडं, एकदा आभाळाकडं बघत होते. मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. त्या घरात पाय ठेवल्यापासून त्या माणसानं माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतं.

"जावईबापूंनी बघितलाय त्याला," ते म्हणाले. "सांगा की यास्नी. केवढा व्हता?"

मी इंजिन चालू ठेवलं आणि पाय जमिनीला टेकला.

"आधी आम्हाला वाटलं मांजर आहे," मी म्हटलं. "मामींनी तर त्याला दूध घातलं. दोन दिवस रोज यायचा, दूध प्यायचा, तोंड पुसून जायचा. मामी म्हणायच्या, किती शहाणं मांजर. तिसऱ्या दिवशी खरं मांजर आलं, त्यानं याच्याकडं बघितलं आणि पाया पडून निघून गेलं. तेव्हा मला संशय आला. साध्या उंदराला कुठला वास सोसतो? पण हा जातीचा. मामांचा रंग बघायला यायचा. मोर खरे वाटून त्यांच्यापासून दहा हात लांब बसायचा, म्हणून टाकीला तोंड लावलं नाही. मागून आला आणि वायर खाल्ली."

पार हसायला लागला. सदासुद्धा. "मोर खरं वाटलं," कुणीतरी म्हणालं. "रंगच तसा हाय."

मला वाटलं, झालं, निघावं. पण मामा पुढं सरसावले. त्यांच्या कपाळावरचा घाम वाळला होता.

"आन् मिशा व्हत्या त्याला," ते म्हणाले. जराही अडखळले नाहीत. "पांढऱ्या. पीळ दिलेल्या."

अनसूयेनं माझ्या पाठीत बोट खुपसलं.

"चला आता," ती कानाशी पुटपुटली. "न्हाईतर आबा दिस मावळंपतोर थांबायचं न्हाईत."